तरणा घोडा बाहेर काढला की बुजतो, उधळतो: आधी काय तपासायचं, मग काय शिकवायचं

दरवर्षीचं ठरलेलं आहे. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, आपल्याकडची चार पोरं जाऊन एखादा तीन-साडेतीन वर्षांचा मारवाडी कोल्ट, म्हणजे तरणा नर, घेऊन येतात, पहिले काही दिवस फोटोबिटो होतात आणि जानेवारी उजाडला की फोन सुरू. घोडा घरी एकदम शांत आहे हो, खरारा करून घेतो, पाय उचलून देतो, खोगीर टाकलं तरी हलत नाही, पण गेटबाहेर काढला की दोन शेतं ओलांडायच्या आत मान वर, पाठ ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, आणि ठिबकच्या पाईपचं भेंडोळं दिसलं की बाजूला उडी. मग थोडे दिवस बांधून ठेवतात, पुन्हा काढतात, पुन्हा तेच, उलट जास्तच. त्यात आपल्या बारामती-फलटण पट्ट्यात नेमका हाच ऊसतोडीचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यावर फुल आवाजात गाणी, ट्रॉलीबाहेर लोंबणारं पाचट, म्हणजे घोडा नवीन, रस्ता नवीन आणि वर हा सगळा गोंधळ.

यावर गावात मिळणारा सल्ला एकच असतो, लगाम कडक घाला आणि दोन ठेवून द्या, सुधारेल. माझं म्हणणं बरोब्बर याच्या उलटं आहे. परत परत बुजणाऱ्या दहातल्या आठ घोड्यांत भांडण लगामापाशीच असतं, घोडा घाबरतो म्हणून आपण लगाम आवळतो आणि आपण आवळला म्हणून तो आणखी घाबरतो. पण तिथं येण्याआधी काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत, नाहीतर शिकवण्यात महिना जाईल आणि शेवटी कळेल की दात दुखत होता.

तर पहिलं, दुखणं.

अडीच ते पाच वर्षांच्या मधे घोड्याचे सगळे दुधाचे दात पडून नवीन येतात, एकूण २४ दुधाचे दात असतात, म्हणजे ज्या वयात आपण त्याला लगामाची सवय लावायला बघतो त्याच वयात तोंडात हा कारभार चाललेला असतो. शिवाय बऱ्याच घोड्यांना वरच्या दाढांच्या पुढं एक बारका निरुपयोगी दात असतो, इंग्रजीत वुल्फ टूथ म्हणतात, लगामाचं लोखंड नेमकं तिथं जाऊन टेकतं. मान झटकणं, तोंड उघडून धरणं, एका बाजूला वळताना जास्त अडणं, चावलेल्या वैरणीचे गोळे खाली टाकणं, यातलं काही दिसलं तर आधी घोड्यांचे दात बघणारा डॉक्टर गाठा. पकडीनं दात उपटून देणारा माणूस नको, अर्धा तुटून आत राहिला की मग बसा. ओठांचे कोपरे आणि जीभसुद्धा उजेडात नीट बघा, जुने कापल्याचे वळ असतील तर आधीच्या मालकाकडे काटेरी लगाम होता असं खुशाल समजा.

पाठ तपासायला काही लागत नाही. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथपासून कमरेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं दाबत न्या, नखं लावायची नाहीत, सावकाश. एखाद्या जागी घोडा पाठ खाली घालतो किंवा कातडी थरथरवतो किंवा कान मागं टाकून वळून बघतो, तिथं दुखतंय. पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती जुन्या खोगिराची मेहेरबानी. आणि आज रपेट करून आल्यावर खोगीर काढलं की घामाचा आकार बघायचा, सगळीकडे ओलं आणि मधेच कोरडी चकती राहिली असेल तर बहुतेक वेळा खोगीर तिथंच जास्त दाबतंय. तरण्या घोड्याचं अंग दर काही महिन्यांनी बदलतं, दिवाळीला बसलेलं खोगीर गुढीपाडव्याला बसेलच असं नाही.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येतो, पोट फुगवतो, शेपूट आपटतो, ही खोड नसते हो नेहमी. घोड्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास सुटत असतं, खात असला तरी आणि नसला तरी, कारण त्याची रचनाच दिवसभर थोडं थोडं चरत राहायची आहे. आपण सकाळ-संध्याकाळ दाणा देतो आणि मधे आठ-दहा तास रिकामा उभा करतो, मग अल्सर होतात आणि त्या पोटाला पट्टा आवळला की तो बिचारा काय करणार. बसायच्या अर्धा तास आधी ओंजळभर लसूणघास द्या, पोटातलं ॲसिड उसळून वर लागत नाही, आणि एवढ्यावर तंगाची कुरकुर कमी झाली तर डॉक्टरशी अल्सरबद्दल बोला.

खाण्याचं आणखी एक. बाजारात उभा करायचा म्हणून विकणाऱ्यानं त्याला भिजवलेला हरभरा, गूळ, तूप, काय काय घालून चकाचक केलेला असतो आणि घरी आल्यावर आपणही हौसेनं तेच चालू ठेवतो, वर काम काय तर दिवसभर दाव्याला उभं राहायचं. मग ती ताकद कुठंतरी निघणारच ना. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा-सात किलो कोरडी वैरण हवीच, कडबा असो नाहीतर वाळलेलं गवत, दाणा कामाच्या मानानं. दाणा एकदम तोडू नका, दीड-दोन आठवड्यात हळूहळू उतरवा. आणि रोज तास-दोन तास मोकळा सोडा, कुंपण घातलेल्या पडीक तुकड्यात सोडला तरी चालेल. निम्म्या तक्रारी इथंच संपतात हे मी छातीठोक सांगतो, पण कुणाला पटत नाही कारण यात शिकवल्यासारखं काहीच वाटत नाही.

वय पण बघून घ्या, विकणारा तीन सांगतो आणि दात दोन सांगतात. समोरच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या आसपास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कोपऱ्याची साडेचारला. मधली जोडी अजून दुधाचीच असेल तर बसायचं नावच काढू नका. कण्याची हाडं पुरती भरायला पाच वर्षांच्या पुढं जावं लागतं. खोगीर धरून स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवं असा साधारण नियम आहे, म्हणजे साडेतीनशे किलोला सगळं मिळून ७० किलो, आणि तेही पक्क्या घोड्याला, कोवळ्या पाठीला त्याहून कमी. नव्वद किलोचे भाऊ तीन वर्षांच्या कोल्टवर बसून म्हणतात घोडा बेचैन आहे. असणारच की!

हे सगळं ठीक असेल तर आता लगाम.

बाजारातून आलेल्या बऱ्याच घोड्यांना नाच शिकवलेला असतो, लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत चालतो म्हणून. शिकवायची पद्धत अशी की तोंडावर लगाम वर-मागं खेचायचा आणि त्याच वेळी पायाला किंवा पुठ्ठ्याला डिवचायचं, म्हणजे पुढं जायची वाट बंद आणि मागून हाकलणं चालू, मग घोडा जागच्या जागी पाय उचलतो, पुढून उठतो. झाला नाच. आता असा घोडा तुम्ही रस्त्यावर नेलात, ट्रॅक्टर आला, तुम्ही घाबरून दोन्ही हातांनी लगाम खेचला आणि पडू नये म्हणून टाचांनी पोट आवळलं. त्याला काय सांगितलंत तुम्ही? नाच म्हणून सांगितलंत. तो नाचायला लागला की तुम्ही आणखी खेचता, तो आणखी उठतो, आणि लोक म्हणतात घोड्याच्या अंगात आलंय.

हे ओळखायला सोपं आहे. बंद आवारात, आसपास काही आवाज नसताना, त्याच्यावर बसून उभा करा आणि लगाम हलक्या हातानं दोन बोटं जवळ घ्या. पाय वाजवायला लागला, मान कमानीसारखी केली, तर तुमच्या घोड्याला लगामाचा अर्थ थांब असा माहीतच नाही. मग रस्त्यावर जाणं आजपासून बंद आणि थांबणं पहिल्यापासून शिकवायचं. तोंडात काटेरी लगाम असेल तर तो काढून मधे सांधा असलेला साधा गुळगुळीत स्नॅफल घाला, तोंडाच्या मापाचा. गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, त्यात काटे असलेल्या लगामाला बंदीच आहे, तरी यात्रेत पाल टाकून उघड विकायला असतो. लोकांना भीती वाटते की साध्या लगामानं घोडा हातात राहणार नाही. अहो, तोंडात काटे असताना तरी कुठं राहत होता?

शिकवायचं जमिनीवरून, खोगीर न घालता, म्होरकी आणि तीन-साडेतीन मीटरची मऊ जाड दोरी एवढ्या सामानात. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही, बोटं जातात. घड्या घालून मुठीत धरायची.

पहिली गोष्ट डोकं खाली घेणं. घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ उभे राहा, दोरी हनुवटीखाली धरून खाली हलकासा ताण द्या, ओढायचं नाही, नुसता ताण धरून ठेवायचा. तो आधी मान वर करेल, करू दे, ताण तेवढाच ठेवायचा, वाढवायचा नाही आणि सोडायचाही नाही. कधीतरी तो अर्धा इंच खाली येईल आणि त्याच क्षणी सोडायचं. इथंच सगळा खेळ आहे. घोडा ताणानं शिकत नाही, ताण सुटतो त्यानं शिकतो, सुटला त्या वेळी तो जे करत होता तेच बरोबर असं त्याच्या डोक्यात बसतं. दोन सेकंद उशिरा सोडलंत तर मधल्या वेळात त्यानं मान झटकलेली असते आणि तुम्ही झटकण्याचं बक्षीस दिलेलं असतं. हळूहळू दोन बोटांच्या ताणावर नाक गुडघ्यापर्यंत येतं. एवढ्यानं घोडा जादूनं शांत होतो असं नाही, पण डोकं वर घेऊन लांबचं न्याहाळणं ही त्याची पळायची तयारी असते आणि तुमच्याकडे ती मोडायचा एक इशारा येतो.

दुसरी गोष्ट मागचा भाग बाजूला सरकवणं, आणि एका लगामावर थांबणं. डाव्या बाजूला उभे राहून डाव्या दोरीनं नाक थोडं आपल्याकडे घ्या आणि दुसऱ्या हातानं त्याच्या कुशीच्या मागं, जिथं रिकीब लागणार नाही इतक्या मागं, बोटांनी दाबा. मागचा डावा पाय उजव्याच्या पुढून आडवा टाकला की सोडा. मग उजव्या बाजूनं तेच, आणि उजव्या बाजूला जास्त वेळ द्या कारण आपण सगळे घोड्याला डावीकडूनच हाताळतो, उजवी बाजू कच्ची राहते. हे जमिनीवर पक्कं झालं की खोगिरावरून: एक हात लगामाच्या वादीवरून खाली सरकवत न्यायचा, मांडीकडे आणायचा आणि तिथं थांबायचं. घोडा गोल फिरेल, एक चक्कर, दीड चक्कर. तुम्ही काही करू नका, हात मांडीला चिकटलेला. पाय थांबतात, मग अजून अर्धं मिनिट मान ओढून धरल्यासारखी कडक असते, मग अचानक वादी हातात सैल पडते, बाहेरचा कान तुमच्याकडे वळतो, बरेचदा ओठ चाटतो. तेव्हा सोडा. पाय थांबले म्हणून सोडलं आणि जबडा अजून कडक होता, तर अर्धंच शिकला तो. हे उभ्यावर आणि चालीवर पक्कं करायचं, दुडकीवर जपून. चौखूर उधळलेल्या घोड्याला एकदम एका बाजूला ओढू नका, पाय अडकून दोघं खाली येता. म्हणून तर उधळायच्या आधी, पाठ ताठ होते त्या क्षणी हे वापरायचं असतं.

आता बुजणं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, जवळजवळ ३५० अंश त्याला दिसतं, फक्त कपाळासमोरचा थोडा तुकडा आणि शेपटीमागचा दिसत नाही. निळा आणि पिवळा रंग वेगळा कळतो, लाल-हिरव्यातला फरक आपल्यासारखा कळत नाही. उन्हातून सावलीत गेला की डोळे बसायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून कालव्याच्या पुलाखालचा अंधार किंवा चिंचेची गडद सावली त्याला खड्ड्यासारखी वाटू शकते, आणि काल ज्या पाईपवरून मुकाट गेला त्यालाच आज बुजतो कारण काल सकाळ होती, आज संध्याकाळ आहे, ऊन दुसरीकडून येतंय, किंवा जाताना पाईप डाव्या हाताला होता आणि येताना उजव्या. लोक म्हणतात त्याचा एक डोळा दुसऱ्याला सांगत नाही, तसं काही नाही, सांगतो, प्रयोगात दिसलेलं आहे. पण दुसऱ्या दिशेनं तीच वस्तू दिसायलाच वेगळी असते. म्हणून प्रत्येक भीतीची वस्तू दोन्ही बाजूंनी दाखवायची. मात्र कायम एकाच बाजूला बुजत असेल, डोळ्यातून पाणी येत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, तर डॉक्टर आधी.

पद्धत सांगतो. ट्रॅक्टरचंच उदाहरण घेऊ. चुलतभावाला सांगा ट्रॅक्टर घेऊन मोकळ्या रानात ये, गाणी बंद. घोडा म्होरकीवर, तुम्ही खाली. इतक्या लांब उभे राहा की घोडा ट्रॅक्टरकडे बघतोय पण हातातला घास चावतोय. चावणं थांबलं, जबडा आवळला, कान खिळ्यासारखे रोखले, तर तुम्ही जास्त जवळ आहात, मागं या. ते अंतर सापडलं की ट्रॅक्टरला तुमच्यापासून लांब जायला सांगा आणि घोड्याला घेऊन त्याच्या मागं मागं चाला. ही युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते. जे आपल्यावर चालून येतं त्याला घोडा घाबरतो, पण जे आपल्यापुढं पळतं त्याच्या मागं जाताना त्याची छाती फुगते. थोड्या वेळानं तोच अंतर कमी करतो. मग ट्रॅक्टर थांबवायचा, घोडा हुंगायला पुढं झाला की हुंगायच्या आधीच आपण त्याला वळवून लांब न्यायचा आणि पुन्हा आणायचा, म्हणजे जवळ जाणं-लांब जाणं आपल्या हातात राहतं, पळून जाणं त्याच्या हातात जात नाही. मग ट्रॅक्टर बाजूनं समांतर, मग समोरून, मग गाणी हळू आवाजात, मग मोठ्या. प्लास्टिकच्या पिशव्या, फ्लेक्सचे फडफडणारे तुकडे, शेडनेट, सगळ्याला हीच रीत. पंधरा-वीस मिनिटं बास. चांगलं झालं म्हणून अजून थोडं, अजून थोडं करत गेलं की शेवट बिघडतो.

खांबाला करकचून बांधून समोर पत्रे वाजवायचे आणि शांत होईपर्यंत वाजवत राहायचं, हा प्रकार अजून चालतो. घोडा शेवटी उभा राहतो हे खरं, पण तो हरून उभा राहतो. असे घोडे महिना-महिना काही करत नाहीत आणि एके दिवशी कुणाला तरी दवाखान्यात पाठवतात.

बुजरेपणावर खरं औषध बघायचं असेल तर धनगरांचे वाडे फिरतात तेव्हा त्यांची घोडी बघा. बुटकी दख्खनी घोडी, ज्यांना आता भीमथडी म्हणून ओळखतात, पाठीवर संसार, त्यावर कोंबड्या, कधी आजचं जन्मलेलं कोकरू, आणि बाजूनं हायवेला ट्रक हॉर्न देत जातोय तरी मान खाली घालून चालतात. त्यांना कुणी कोर्स दिलेला नसतो. शिंगरू जन्मल्यापासून आईच्या पोटाला घासून त्याच रस्त्यानं चालतं आणि आई घाबरत नाही म्हणून तेही घाबरत नाही. आपला कोल्ट मात्र चार भिंतींत वाढलेला, मग गाडीत घालून अनोळखी गावात आणलेला, आणि एकटा.

एकटा ही गोष्ट लोक विसरतात. कळपातलं जनावर आहे ते. शक्य असेल तर गावातली एखादी जाणती घोडी सोबत मिळवा, भाडं द्यावं लागलं तरी द्या, कुठल्याही ट्रेनरपेक्षा स्वस्त पडेल. पहिल्या रपेटींना ती पुढं आणि आपला मागं, मग शेजारी शेजारी, रस्त्याच्या बाजूला ती आणि शेताच्या बाजूला आपला. मग थोडा वेळ आपला पुढं. मग वळणावर ती थांबेल, आपण थोडं पुढं जाऊन परत येऊ, असं अंतर वाढवत न्यायचं. घराकडे तोंड वळलं की पळत सुटणारे असतात, त्यांना गेलो त्याच वाटेनं परत आणू नका, गोल फिरून आणा, आणि कधी कधी गेटसमोरून तसाच पुढं नेऊन अजून एक छोटी चक्कर मारा, म्हणजे गेट आलं म्हणजे सुट्टी हे गणित डोक्यात बसत नाही.

आता वर बसणाऱ्याचं. स्वीडनमधे २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, स्वारांना आणि घोडे धरून चालवणाऱ्यांना ठराविक फेऱ्या मारायला लावल्या आणि शेवटच्या फेरीआधी सांगितलं की आता वाटेत छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही. म्हणजे तुम्ही लांबून ट्रॅक्टर बघून श्वास रोखलात की घोड्याला बातमी पोचलेली असते, ट्रॅक्टर राहिला बाजूला. श्वास सोड असं स्वतःला सांगून उपयोग होत नाही, गाणं म्हणा. खरंच. अभंग म्हणा नाहीतर सिनेमाचं म्हणा, गाताना श्वास कोंडता येत नाही. नजर त्या वस्तूवर रोखायची नाही, तिच्या पलीकडे जिथं जायचंय तिथं ठेवायची. मांड आवळून पुढं वाकायचं नाही, कारण बहुतेक घोड्यांना तो पळ म्हणून इशारा वाटतो. आणि घोड्याच्या गळ्यात एक जुना चामड्याचा पट्टा बांधून ठेवा, सैलसर, खोगिराच्या पुढं. तोल गेला की तो धरायचा. लगाम धरून तोल सावरायची सवय असलेला माणूस घोड्याचं तोंड रोज थोडं थोडं बिघडवत असतो, पट्ट्यानं ती सवय फार लवकर सुटते.

बुजला तर त्या क्षणी काय? मारायचं नाही, एवढं तर समजलंच असेल, कारण आता त्याला पाईपही वाईट आणि पाईपजवळ गेलं की मार बसतो हेही वाईट. बघू द्या. दोन पावलं मागं गेला तरी जाऊ द्या, फक्त तोंड त्या वस्तूकडे ठेवा. शांत झाला की मानेच्या मुळाशी बोटांनी खाजवा, फटाफट थोपटू नका. त्या जागी खाजवलं की घोड्याचे ठोके उतरतात हे मोजून बघितलेलं आहे, घोडे एकमेकांनाही तिथंच खाजवतात. तुम्हाला स्वतःला मोजायचं असेल तर जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोट लावलं की नाडी लागते, आरामात उभ्या घोड्याची मिनिटाला साधारण २८ ते ४४. रपेटीवरून आल्यावर ती किती वेळात खाली येते हे लिहून ठेवलंत तर घोडा खरंच सुधारतोय का आपल्यालाच तसं वाटतंय ते कळतं.

उतरावं का न उतरावं यावर जुनी माणसं भांडतात, उतरलात की घोडा जिंकला म्हणतात. मला ते पटत नाही. पाठ ताठ झाली, एका लगामाला उत्तर देत नाही, समोरून दोन ट्रॉल्या येतायत, तर वेळ असताना शांतपणे उतरा आणि हातात धरून जाऊ द्या, जमिनीवर तुम्ही त्याला शिकवलेलं आहेच. फक्त तो उड्या मारत असताना मधेच उडी टाकून उतरू नका. पुढून वर उठला तर लगाम ताबडतोब सैल, मानेला मिठी, आणि खाली आला की लगेच पुढं चालवा. वारंवार उठणारा घोडा मात्र घरच्या घरी सुधारायचा नाही, त्यासाठी खरंच जाणता माणूस लागतो, घोडा उलटा पडला तर खाली आपण असतो. रायडिंगचं हेल्मेट आणि टाचेचा बूट घालूनच बसायचं, चपलेतला पाय रिकिबीतून पार जातो आणि अडकतो.

औषधाचं विचारतात म्हणून सांगतो. शांत व्हायचं इंजेक्शन देऊन वर बसायचं नाही. गुंगीतला घोडा अडखळतो, शिकत तर काहीच नाही, आणि एसीप्रोमाझीनसारख्या औषधानं नराचं लिंग बाहेर पडून तसंच लुळं राहण्याचा धोका असतो, क्वचित होतं, पण होतं. आणि तुमचा कोल्ट घोडी दिसली की खिंकाळतो, तोल सोडतो, त्याला तुम्ही बुजणं म्हणत असाल तर ते बुजणं नाही. पैदाशीला वापरायचा नसेल तर चांगल्या डॉक्टरकडून खच्ची करून घ्या. आपल्याकडे याला फार कमीपणा समजतात, मारवाडी आणि खच्ची म्हटलं की तोंडं वाकडी होतात, पण नुसत्या रपेटीसाठी ठेवलेल्या नराला जन्मभर एकटं बांधून ठेवण्यात कसला मोठेपणा आहे ते मला कळलेलं नाही.

किती दिवस लागतील हे घोडा बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. कोरा घोडा लवकर येतो, नाच शिकवलेला उशिरा, काट्यानं तोंड फाटलेला त्याहून उशिरा. मधे एखादा आठवडा सगळं उलटं गेल्यासारखं वाटेल, विशेषतः वारं सुटलं असेल तेव्हा, वाऱ्यात त्याला आवाज कुठून येतोय ते नीट कळत नाही आणि सगळंच हलत असतं. अशा दिवशी रस्ता नको, आवारात डोकं खाली घेणं आणि मागचे पाय सरकवणं एवढंच करा. एका ठरलेल्या जागीच बुजत असेल, पुलाशी म्हणा नाहीतर कुठल्या बोर्डाशी, तर त्याला घेऊन चालत तिथं जा, अलीकडे जिथं तो अजून चावतो त्या अंतरावर घास चारा आणि न ओलांडता परत या. पुढच्या वेळी चार पावलं पुढं.

आणि मार्च-एप्रिलमधे लग्नसराई लागली की भावकीतलं कुणीतरी येणारच, एवढा देखणा घोडा आहे, वरातीला द्या म्हणून. यंदा नाही म्हणा. पाहुणे रुसले तर रुसू दे. एका रात्रीत बँड, फटाके, गर्दी आणि वर लगाम खेचणारा भलताच माणूस, की तोंडाचं केलेलं सगळं काम गेलं, आणि सोमवारी पुन्हा म्होरकी आणि दोरी घेऊन अर्ध्या इंचापासून सुरुवात.